समुद्रातला माटव

"दर्शना, तुझो भाव पिसो झालो," बाबल म्हणाला. "दर्यात माटव घालता."

मी नुकतीच होडीतून जेटीवर उतरले होते. पाठीवर हवा खेचायचा पंप, हातात पिशव्यांची क्रेट. बाबल हा माझ्या भावाचा, जयवंतचा, होडीतला भागीदार. त्याच्याकडून साधी बातमी कधी मिळत नाही. कुणाला सर्दी झाली तरी तो त्या माणसाला अर्धा पोचवून येतो. म्हणून मी नुसती हसले.

"लगीन कोणाचा?"

"हसू नको गो. पोफळी तोडून हाडल्यान. झापांची खळ्यात रास घातल्यान. माका म्हणता, रिकामी पिंपां बघ, माटव तरंगाक व्हयो." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तू बोल तेच्याकडे. माझा आयकत नाय."

घरी आले तर खरंच घरापुढच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भिजवलेल्या झावळ्या, वाकवलेल्या काठ्या, सुंभाची भेंडोळी. दादा मधोमध उकिडवा बसून झाप विणत होता.

"ह्या काय चाललासा?"

"माटव."

"ता दिसता माका. कोणासाठी?"

त्याने झापाची कड दुमडली आणि अंगठ्याने दाबून धरली. "अनुजाच्या कोरलांसाठी," तो म्हणाला. "पाणी तापलासा. तेंच्या डोक्यार सावली व्हयी."

अनुजा म्हणजे माझी वैनी. आदल्या वर्षी मे महिन्यात ती गेली. मी तेव्हा गोव्यात होते, एम.एस्सी.ची परीक्षा चालू होती. ताप मस्तकात गेला, असं मला फोनवर सांगण्यात आलं. मी मालवणला पोचले तोवर सगळं आटपलं होतं. वर्षभरात दादाने तिचं नाव क्वचितच घेतलं होतं, म्हणून त्या दिवशी त्याच्या तोंडून ते एवढ्या सहज आलेलं ऐकून मी थट्टा सोडली. त्याच्या समोर बसले आणि दुसरी झावळी ओढून घेतली.

माटव म्हणजे आमच्याकडचा लग्नाचा मांडव. पोफळीचे खांब आणि वर नारळाची विणलेली झापं. आमचं घर मासेमारीचं, पण बाबांच्या हातच्या माटवाचं पंचक्रोशीत नाव होतं. माटव उभा राहिला की बाबा त्याच्याखाली उताणे झोपत आणि वर बघत. कुठून उन्हाचा एक कवडसा अंगावर पडला तरी तिथे झाप सरकवायला लावत. नवरीच्या अंगावर ऊन पडता नये, हा त्यांचा हट्ट. बाबा गेले तसं ते काम दादाकडे आलं, आणि हट्टही आला.

किल्ल्याच्या मागच्या अंगाला उथळ पाण्यात प्रवाळ आहेत, दादाच्या भाषेत कोरलां. पर्यटकांना तोंडात नळी देऊन दाखवतात ते. दादाची रोजीरोटी त्यांच्यावरच. काही वर्षांपूर्वी गावात एक प्रशिक्षण झालं होतं. नांगर लागून मोडलेले प्रवाळांचे तुकडे सिमेंटच्या चौकटींना बांधायचे आणि त्या चौकटी परत तळाला नेऊन ठेवायच्या. पुरुष बुडी मारत आणि बायका होडीत बसून तुकडे बांधत. वैनीचा हात जाळी शिवण्यात तयार झालेला, तिची गाठ कधी सुटली नाही. तिला पोहता मात्र येत नव्हतं. आपण बांधलेलं कसं वाढतंय हे तिने दादाच्या मोबाइलमध्येच बघितलं. चौकटींना तिने शेजारणींची नावं ठेवली होती. जी सगळ्यात सावकाश वाढत होती तिचं नाव भागिरथी. आमच्या शेजारच्या भागिरथीकाकीला विहिरीपर्यंत जाऊन यायला सगळी सकाळ लागायची, त्यावरून. काकीला हे कळलं तेव्हा तिने वैनीला अख्ख्या वाडीला ऐकू जातील अशा शिव्या घातल्या आणि मग मोबाइल मागून घेऊन 'भागिरथी' किती वाढली ते डोळे बारीक करून बघितलं.

हा सावलीचा विचार दादाच्या डोक्यात शिरला त्याला देवस्थळी मॅडमचं एक जेवण कारण झालं. डॉ. मृणाल देवस्थळी पुण्याच्या एका संस्थेत हवेचा अभ्यास करायच्या. त्या उन्हाळ्यात त्यांनी मालवणात खोली घेतली होती आणि हाताखाली मला घेतलं होतं, कारण मी केमिस्ट्री शिकले होते आणि होडीत मला उलटी होत नव्हती. प्रवाळांवरची हवा पिशव्यांत भरून आणायची आणि खोलीतल्या यंत्रातून तपासायची, हे आमचं काम. एकदा मी मॅडमना घरी जेवायला घेऊन आले. दादाने तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं होतं.

"मॅडम, तुमी त्या हवेत शोधतास काय?" त्याने विचारलं.

"एक वायू आहे, गंधकाचा. प्रवाळ सोडतात तो. ओहोटीला समुद्राचा वास येतो ना, त्यात तोही असतो."

"आणि तो शोधून?"

मॅडम काटे काढता काढता सांगू लागल्या. त्यांना शिकवायची हौस होती आणि ऐकणारा चांगला मिळाला होता. "प्रवाळांना त्रास झाला, म्हणजे पाणी तापलं, किंवा ओहोटीला ते उघडे पडले, की हा वायू जास्त सुटतो. तो वर हवेत जातो. त्याचे अगदी बारीक कण होतात. त्या कणांभोवती पाणी धरतं आणि ढग होतो. ढग झाला की खाली सावली."

दादाचा हात ताटात थांबला. "म्हणजे ती आपली सावली आपणच मागतत?"

"मागतात असं नाही हो म्हणता यायचं. आणि एवढ्याशा प्रवाळांनी आपल्या डोक्यावर आपला ढग धरला, असंही होत नाही. आमचाही अजून अंदाजच आहे. शिवाय वारा आहे. तो नेईल तिकडे."

"म्हणजे वायू ह्येंनी सोडूचो, ढग घाटार जावचो, आणि ऊन ह्येंच्या डोक्यार?"

मॅडम हसल्या. "असंही होत असेल."

दादा हसला नाही. "पण मागतत," तो म्हणाला. "ता खरा मा?"

मॅडमनी पुन्हा 'अंदाज' म्हटलं, 'वारा' म्हटलं, पण ते त्याने बांगड्याच्या काट्यांसारखं ताटाच्या कडेला काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो पोफळी तोडायला गेला.

मॅडमना मी माटवाचं भीत भीत सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. इतर देशांतही लोकांनी प्रवाळांवर जाळ्यांची सावली करून बघितली आहे, म्हणाल्या. परवानगीचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि ती मिळाल्यावर स्वतः खळ्यात येऊन बसल्या.

"जयवंत, एकच ऐका. विरळ ठेवा. निम्मं ऊन खाली गेलंच पाहिजे. प्रवाळांच्या अंगात बारीक शेवाळ असतं, ते उन्हावर अन्न तयार करून त्यांना भरवतं. अंधार केलात तर उपाशी मरतील."

"विरळ माटव?" अळणी कालवण करायला सांगावं तसा दादाचा चेहरा झाला. "बापूस माझो वरसून बघता आसतलो, मॅडम."

"आणि दुसरं. पाणीच तापलंय. सावलीने पाणी थंड होत नाही. थोडा आधार मिळेल, एवढंच."

"आधारच व्हयो," दादा म्हणाला. "ढग येयसर कळ काढूक."

माटव समुद्रात उतरवला त्या दिवशी अर्धी वाडी किनाऱ्यावर होती. पिंपांवर बांधलेली पोफळीची चौकट, वर एकाआड एक झापं, चार कोपऱ्यांना नांगर. दादाने नारळ फोडला. भागिरथीकाकी वाळूत उभी राहून ओरडली, "अरे जयवंता, माटव घातलंस, नवरी खय, व्हकाल खय आसा?"

"खाली आसा," दादा म्हणाला. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

चौकटींवर माटव बसल्यावर दादा डोळ्यांना काच लावून पाण्यात उतरला आणि माटवाखाली उताणा पडून राहिला. मी बाजूला पोहत होते. झापांमधून उन्हाच्या पट्ट्या खाली उतरत होत्या आणि वैनीने बांधलेल्या प्रवाळांवर हलत होत्या. बोटाएवढे तुकडे आता हरणाच्या शिंगांसारखे फुटले होते. मला ते फार सुंदर दिसलं. दादा वर आला आणि तोंडातलं पाणी थुंकून म्हणाला, "बाबांनी ह्या बघल्यानी आसता तर माका ह्याच खांबाक बांधल्यानी आसता."

पुढचे दिवस वाईट होते. वारा पडला. आभाळात औषधालाही ढग नव्हता. पाण्यात उडी मारली की आंघोळीच्या पाण्यात उतरल्यासारखं वाटे आणि अंगाला किळस येई. प्रवाळांचा रंग आधी फिकट झाला, मग पिवळट, मग काही ठिकाणी निळसर झाक आली. पर्यटक म्हणत, किती छान रंग आहेत. बाबल त्यांना हो म्हणे.

यंत्रातला आकडा मात्र रोज वर चढत होता. संध्याकाळी दादा खोलीच्या दारात येऊन उभा राही.

"वाडलो?"

"वाडलो."

मग तो जेटीवर जाऊन सांगे, कोरलांची हाक मोठी झाली. लोक येता जाता आभाळाकडे बघायला लागले. थट्टाही व्हायची. बाबल म्हणायचा, "हाक मारतत रे, पण वर रेंज नाय." दादा तेवढ्यापुरता हसायचा. त्याला मनापासून हसताना मी वर्षभराने बघत होते आणि मला ते हवं होतं.

एका संध्याकाळी मॅडमनी पडद्यावरची रेघ बघून टेबलावर हात आपटला. "दर्शना, हे बघ! असं कुणालाच मिळालेलं नाहीये!" आणि मागे वळल्या तर दारात दादा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना लाज वाटली हे मला दिसलं.

"जयवंत, बसा," त्या म्हणाल्या. "हा वाढतोय म्हणजे त्यांचा त्रास वाढतोय. हे चांगलं लक्षण नाही हो."

"माका कळता, मॅडम." तो बसला नाही. "पण जो आराडता तो जितो आसा."

दोघांचंही खरं होतं आणि मी दोघांच्या मध्ये हातात रिकामी पिशवी घेऊन उभी होते.

मग आकडा घसरला. पहिल्या दिवशी मला चक्क बरं वाटलं, त्रास कमी झाला असेल म्हणून. मॅडम म्हणाल्या, पुन्हा भरून आण. पुन्हा आणली. आकडा आणखी खाली. दुसऱ्या दिवशी त्याहून खाली. ओहोटीला मी होडीच्या कडेवर वाकून नाकाने वास घेऊन बघितला. उकडलेल्या कोबीसारखा, लहानपणापासून अंगात मुरलेला तो वास. तो नव्हता. नुसतं खारट, कोमट पाणी.

"प्रवाळ थकले," मॅडम म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

दादाला सांगायचं माझ्याकडे आलं. तो खळ्यात झापं विणत होता.

"दादा, वायू कमी झालो."

"म्हणजे बरी झाली?"

"नाय."

"मगे?"

"मगे... तेंच्यात आता सोडूक काय उरला नाय."

त्याने झाप उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूने विणायला घेतलं. "तुझा मशीन बघून घे," तो म्हणाला. "खारी हवा लागली की मशीनां बिघडतत."

त्यानंतर तो खोलीच्या दारात आला नाही. दुपारी एकटाच होडी काढून जाई. जाताना होडीत नवी झापं असत. जुनी लाटांनी फाटत असतील, ती बदलत असेल, असं मला वाटलं. मॅडमनी मला किल्ल्याच्या दुसऱ्या बाजूची हवा भरायला लावलं होतं, त्यामुळे मी माटवाखाली गेलेच नाही.

मे संपत आला आणि एका दुपारी ढग आला. पावसाचा नव्हे, नुसताच. पश्चिमेकडून पांढरट करडा थर सरकत सरकत आला आणि ऊन झाकलं. वाऱ्याची झुळूक सुटली. जेटीवर माणसं कामं टाकून वर बघायला लागली. पर्यटकसुद्धा. बाबल होडीवर चढून ओरडला, "जयवंता, पोचली रे! हाक पोचली!"

तो मनापासून ओरडला होता. चेष्टा नव्हती त्यात.

दादा कुठून तरी धावत आला. त्याचा सदरा उलटा होता. आम्ही तिघं होडीत बसलो. वाटेत तो बोलत होता, भराभर, मला कधी आठवत नाही इतकं. आता पाणी निवतला. आता रंग परत येतलो. मॅडम म्हणाल्या नव्हत्या काय, रंग परत येता म्हणून? मी हो म्हणाले. वेळेवर निवलं तर येतो, असं त्या म्हणाल्या होत्या.

माटवाशी पोचलो. दादाने उडी मारली, पाठोपाठ मी. आणि खाली गेल्यावर मला काही दिसेना. वर ढग आहे म्हणून, असं आधी वाटलं. मग मी वर बघितलं. माटवात एकही फट नव्हती. झापावर झाप, त्यावर आडवं झाप, सांध्यांत सुंभ कोंबलेलं. रोज दुपारी तो या तापलेल्या पाण्यात उताणा पडून वर बघत होता आणि जिथून ऊन येईल ती जागा बुजवत होता.

डोळे सरावल्यावर चौकटी दिसल्या. वैनीच्या गाठी तशाच होत्या, पक्क्या. गाठींत धरलेलं पांढरं झालं होतं आणि त्यावर तपकिरी लव चढली होती. मी हात लावला तर बोटांना बुळबुळीत काहीतरी लागून आलं. मी पोहत माटवाच्या बाहेर गेले. बाहेरच्या, उघड्यावरच्या चौकटीही तशाच होत्या. त्यापलीकडचे, कुणी न बांधलेले, मुळातले प्रवाळही तसेच होते, जिथवर नजर गेली तिथवर.

मी वर आले. दादा माटवाच्या खांबाला धरून होता, काच कपाळावर सरकवलेली. तो ढगाकडे बघत होता. जेवणं आटपल्यावर आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं त्याने विचारलं, "आता इलंस?"

बाबलने होडीत तोंड फिरवलं.

मग दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "दर्शना, खरा सांग. माझ्या माटवान मेली?"

"भायरची पण मेली, दादा. उघडी होती ती पण."

"भायरच्यांचा सोड. ह्येंचा सांग. मॅडमनी सांगितलेला विरळ ठेव म्हणून. मी बुजवलंय."

"पाणी तापलेला. पाण्यान मेली."

"माटवान नाय?"

"नाय," मी म्हणाले. "तुझ्या माटवान नाय."

हे खरं होतं की नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर मॅडमना विचारलं, तर त्याही म्हणाल्या की उष्णतेने किती आणि अंधाराने किती हे आता वेगळं काढता येणार नाही. आज मी पणजीला कॉलेजात गंधकाचा धडा शिकवते आणि मला अजूनही माहीत नाही. पण कुणी पुन्हा तसंच विचारलं तर मी पुन्हा तेच सांगेन.

दादाने मान हलवली. खांब सोडला नाही.

"तुका काय सांगितला होता, अनुजाक काय झाला म्हणून?"

"ताप मस्तकात गेलो म्हणान."

"ताप नाय. ऊन." तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द वर काढल्यासारखा. "शिमग्यापासून सांगी होती माका. किनाऱ्यार मासळी सुकत घालतो थय चार खांब उभे कर, वर झापां टाक, बायका करपतत. मी म्हणी होतंय, घालतंय. लगीनसराई आसा, तेवढी होवंदे, घालतंय. त्या दिवशी ती गोलमो सुकत घालूक गेली. बसली वाळूत. बायकांक वाटला, दमली, बसली आसा. मगे कोणीतरी हात लावल्यान तर अंग तव्यासारख्या."

"तू खय होतंस?"

"काळश्याक. लग्नाचो माटव होतो." त्याने ओठ चाटले. "झालेलो माटव. मी खाली झोपलेलंय. वर बघी होतंय, खयसून ऊन येता काय ता. एका ठिकाणी बारीकसा येय होता. ता बुजवतंय तवसर ह्यो बाबल धावत इलो."

बाबल होडीत दोन्ही हात तोंडावर धरून बसला होता. हे त्याला ठाऊक होतं. सगळ्या वाडीला ठाऊक होतं आणि मला, परीक्षेतून उठून आलेल्या पोरीला, कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणान एक पण भोक ठेवूक माझा मन होईना गो," दादा म्हणाला. "विरळ ठेव म्हणतत, माका कळता. रोज ठरवून येय होतंय, आज हात लावूचो नाय. पण खाली झोपलंय आणि ऊन दिसला, की..."

मला रडू कोसळलं. पाण्यात नीट रडता येत नाही, खारं पाणी नाकातोंडात जातं, तरी मी रडत राहिले. एका हाताने तोच खांब धरला होता. तो रडला नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "चल, गार पडतला," आणि मला ढकलून होडीत चढवलं. पाणी अजून तसंच कोमट होतं.

ढग दुसऱ्या दिवशी नव्हता. ऊन पहिल्यासारखंच पडलं. दादा आणि बाबलने माटव ओढून किनाऱ्यावर आणला. झापं समुद्राने कुजली होती, ती त्याने टाकून दिली. पोफळीचे खांब गोड्या पाण्याने धुतले, नवी झापं विणली आणि सुकत घालतात तिथे, बायकांच्या जागेवर, माटव उभा केला. बायका पावसाआधीची शेवटची सुकत घालत होत्या. पेडवे, बारीक कोलंबीचा गोलमो, चिरून मीठ लावलेला मोरी मासा. माटव झाला तशा त्या एकेक करून सावलीत येऊन बसल्या आणि मासे निवडू लागल्या. हळूहळू नेहमीचं बोलणं सुरू झालं.

दादा माटवाखाली झोपला नाही. वर बघितलंही नाही. तो दहा-बारा हात पलीकडे गेला आणि वाळूत बसला, भर उन्हात, समुद्राकडे तोंड करून. मला कुणी सांगितलं नाही, पण सगळ्या बायका त्या जागेकडे बघायचं टाळत होत्या, त्यावरून मला कळलं की वैनी तिथे बसली होती.

"जयवंता, ये रे, सावलेक बस," भागिरथीकाकीने हाक मारली.

"नको काकी. बरा आसा हय."

"घामान न्हालंस मेल्या. ये."

"नको."

मी उठायला लागले. काकीने माझ्या खांद्यावर भार देऊन मला खाली बसवलं आणि त्याच आधाराने स्वतः उठली. हातातली मासळी टोपलीत टाकली, हात लुगड्याला पुसले. तापलेल्या वाळूत पाय पोळत असणार, पण ती घाई करू शकत नव्हती. ती त्याच्यापर्यंत गेली, एकदा आभाळाकडे बघितलं, दोन पावलं बाजूला सरली आणि तिची सावली त्याच्या डोक्यावर पडेल अशी उभी राहिली.

"काकी, बस तू," दादा म्हणाला.

"माका घाई नाय," काकी म्हणाली, आणि उभीच राहिली.